एक्केचाळीस

साखरेचं पोतं पन्नास,
कांद्याची गोण पावसाळ्यात साठच्या वर,
खोबरं फसवं, दिसायला डोंगर, उचलायला काही नाही.
बावीस वर्षं वाशीच्या मार्केटात
माझ्या पाठीला कधी काटा लागला नाही.

प्रांजल जन्मली तेव्हा दोन किलो आठशे.
पुन्हा पाठीवर घेतली तेव्हा एकोणतीस.
मधली नऊ-दहा वर्षं ती स्वतःला स्वतःच वाहत होती,
आमच्या लक्षातही आलं नाही.

पाण्याच्या टाकीवर फूल अडकलं होतं,
बॅडमिंटनचं, दहा रुपयांचं.
शिडीची वरून तिसरी पायरी गंजलेली,
हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं,
म्हणजे कुणालाच नव्हतं.

डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली.
पेनाचं टोक मणका-मणका उतरत आलं, थांबलं.
"इथून खाली," म्हणाला,
आणि वाक्य पुरं केलंच नाही.
शालन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली,
मुकादम हिशेब सांगताना अडला
की टोळी बघते तशी.

घणसोलीचं घर तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या.
शाळेला खाली, शाळेतून वर,
व्यायामाला खाली, व्यायामाहून वर.
"बाबा, आजची वाराई किती झाली?" ती कानाशी विचारते.
मी म्हणतो, लेव्ही धरून की सोडून?

शालनने गावच्या निनाईला नवस बोलला:
पोरगी उंबऱ्यापर्यंत चालत आली
तर हिरवं लुगडं, पाच नारळ, पुरणाचा नैवेद्य.
मी त्या वर्षी देवीशी बोललो नाही.
पायऱ्या मोजत राहिलो फक्त.
कुणी त्याला जप म्हटलं असतं
तर भांडलो असतो.

रात्री भांडी झाली की
शालन तिचे पाय मांडीवर घेते.
गुडघा वीस वेळा, घोटा वीस वेळा, मग तेल.
पाय काही बोलत नाहीत.
झोपलेल्याला उठवू नये,
पण सरकलेलं पांघरूण नीट करावं,
तसं तिचं चालतं.
मधेच प्रांजल पुस्तकातून मान वर न करता म्हणते,
"आई, तेवीस झाले."

तिसऱ्या वर्षी शालनने लुगडं पिशवीत घातलं.
अगं, चालली कुठे अजून, मी म्हटलं.
ती नारळ हलवून कानाशी धरत होती.
"तिच्याकडून राहिलं असेल.
आपल्याकडून कशाला राहावं?"

देवळाच्या पायऱ्या मी मोजल्या नाहीत.
किती आहेत, आजही सांगता येणार नाही.
गुरवाने विचारलं, नवस फळला का?
शालन म्हणाली, "फेडला."
आणि पदर कमरेला खोचून
नैवेद्याचं ताट पुढे केलं.
प्रांजल माझ्या खांद्यावरून
देवीकडे टक लावून बघत होती,
वर्गात नव्या आलेल्या मुलीकडे बघावं तशी.
काय मागितलंस, मी उतरताना विचारलं.
"लिफ्ट."

चेअरमनकडे तिचे अकरा अर्ज आहेत.
दर महिन्याच्या एक तारखेला एक,
खाली सही, प्रां. बा. मोहिते, झेरॉक्स स्वतःकडे.
चेअरमन म्हणतो, बघू.
ती म्हणते, पोच द्या.

गेल्या रविवारी मार्केट बंद होतं.
तिला खुर्चीसकट प्लॅटफॉर्म काट्यावर चढवली.
इस्माईल मापाड्याने खुर्चीचे चौदा वजा केले,
चश्मा वर सारला. एक्केचाळीस.
तिचं तोंड उतरलं. "बाबा, तुमची कंबर."
पुन्हा बघ रे, मी म्हटलं.
पुन्हा एक्केचाळीस.
ओल नाही ही, भरीव माल आहे, म्हणत
मी असा हसलो की
इस्माईल सवयीने पावती फाडून बसला.

पावती शालनने देव्हाऱ्यात ठेवलीय,
कुंकवाच्या करंड्याखाली, वाऱ्याने उडू नये म्हणून.
सोमवारी सकाळी साडेसहाला
प्रांजलने गळ्याभोवती हात टाकले.
दप्तर शालनकडे.
मी जरा वाकलो,
वजन खांद्यावर बसू दिलं,
आणि पहिली पायरी उतरलो.